न्हाणीतली वाफ आणि दोन वायरी

धाराशिव म्हणजे पावसाने हात राखूनच दिलेला जिल्हा. भूम, परंडा, वाशी, कळंब, कुठेही जा, उन्हाळ्यात घरोघरी विषय पाण्याचाच. नळाला रोज पाणी येईल याची खात्री नाही, म्हणून आलं की भरून ठेवायचं. ही साठवण बहुतेक घरांत बाथरूममध्ये असते. कोपऱ्यात दोनशे लिटरचं निळं बॅरल, शेजारी झाकण नसलेल्या बादल्या, भिंतीलगत सिमेंटचा हौद. या कोरड्या जिल्ह्यात घरातली ही एकच खोली बाराही महिने ओली राहते, आणि छताला काळी बुरशी धरते तीही तिथेच.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण न्हाणी घरात नव्हतीच. माळवदाच्या घराला दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. त्या मातीत पाणी मुरणं घराला परवडणारं नव्हतं. म्हणून परसात शहाबादी फरशी टाकून, छातीएवढा आडोसा उभा करून आंघोळ व्हायची. वर उघडं आभाळ. वाफ जायची कुठे, हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतल्या लोकांचा मातीच्या भिंतींवरचा विश्वास उडाला. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यानंतर उमरगा-लोहारा भागात गावंच्या गावं नव्या जागी वसली. बाकीच्या जिल्ह्यातही ज्याला जमेल तो विटा-सिमेंटचं, स्लॅबचं घर बांधू लागला. हळूहळू न्हाणी आत आली, तिला दार लागलं, टाइल्स लागल्या, गिझर आला. खिडकी मात्र वीतभर राहिली आणि कित्येक घरांत तीही दोन घरांच्या मधल्या बोळात उघडते. आंघोळ झाल्यावर त्या खोलीतल्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट उरलेली नाही. एक्झॉस्ट फॅन लावायचा तो ही वाट करून देण्यासाठी.

काम लहान आहे. पंखा तीस वॅटचा, वायरी दोन, स्विच एक. लहान आहे म्हणूनच ते घाईने उरकलं जातं: कुठून तरी फेज ओढायचा, टेप गुंडाळायची, पंखा फिरला की झालं. पण ओल्या खोलीत, ओल्या अंगाच्या माणसाच्या डोक्यावर आपण वीज नेतोय. त्यामुळे हे काम नीट समजून घेऊन करायला हवं, किंवा दुसऱ्याकडून करून घेताना ते समजेल इतकं तरी आपल्याला माहीत हवं.

आधी हवेचा हिशेब. पाच फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट अशी बाथरूम धरली तर आत सुमारे ९ घनमीटर हवा मावते. बाथरूममधली हवा तासाला ६ ते १० वेळा बदलावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तासाला जास्तीत जास्त ९० घनमीटर हवा बाहेर टाकायची. सहा इंची पंख्याच्या खोक्यावर दोनशे घनमीटरच्या पुढचा आकडा छापलेला असतो, पण तो पंख्यासमोर काहीच आडवं नसतानाचा. जाळी, झडपा, भिंतीची जाडी यांत त्यातली बरीच ताकद खर्च होते. निम्मी गेली असं धरलं तरी शंभर उरतात, म्हणजे काम भागतं. साध्या बाथरूमला सहा इंची पंखा पुरे. ‘मोठा घेतला तर लवकर वाळेल’ म्हणून आठ किंवा नऊ इंची बसवणाऱ्यांना आवाज जास्त मिळतो, फायदा फारसा नाही. संडास-बाथरूम एकत्र आणि खोली मोठी असेल तरच आठ इंचीचा विचार करावा.

फायदा का होत नाही, याचं उत्तर पंख्यात सापडत नाही. ते दारात आहे. पंखा हवा निर्माण करत नाही. जेवढी हवा आत येते तेवढीच तो बाहेर टाकू शकतो. सहा इंची पंख्याचं तोंड साधारण १७५ चौरस सेंटिमीटरचं. आता बाथरूमचं दार बघा: पीव्हीसीचं, अडीच फूट रुंद, खाली उंबऱ्याला जवळजवळ टेकलेलं. फट अर्धा सेंटिमीटर असेल तर आत यायला जागा फक्त ३८ चौरस सेंटिमीटर. पंखा मग नुसता घुमतो. दाराखाली पाऊण इंच फट ठेवली तर ती जागा १४० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. सुताराकडून दाराची खालची कड तासून घ्या, किंवा दाराच्या खालच्या भागात झडपांची जाळी बसवून घ्या. हजार रुपयांचा पंखा आणून हे शंभर रुपयांचं काम टाळलं, तर तो पंखा वाया गेला.

हवा दाराखालून आत येणार, म्हणून पंखा दारापासून लांब, शक्यतो समोरच्या भिंतीत आणि छताजवळ हवा. गरम वाफ वर चढते, तिला तिथेच पकडायचं. पंख्याच्या शेजारीच खिडकी उघडी ठेवली तर पंखा खिडकीतली हवा घेतो आणि तीच परत बाहेर टाकतो. आंघोळीच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. पंखा चालू असताना खिडकी बंद आणि दाराची फट मोकळी, हे लक्षात ठेवा.

आता भिंत. या जिल्ह्यात, विशेषतः उमरगा, लोहारा, तुळजापूर पट्ट्यात, भिंतीला भोक पाडण्याआधी थांबून बघणं मला फार गरजेचं वाटतं. भूकंपानंतर बांधलेल्या घरांत दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा असतो. चारही भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून तो दिलेला असतो. एका भिंतीने एकीकडे आणि दुसरीने दुसरीकडे हलायचं म्हटलं की पट्टा त्यांना आवरतो. बाथरूमच्या पंख्याची जागा साधारण सात-साडेसात फुटांवर, म्हणजे नेमकी या पट्ट्याच्या आसपास. कोअर कटर लावल्यावर काँक्रीट लागलं, सळई दिसली, की तिथेच थांबायचं आणि भोक पट्ट्याच्या वर घ्यायचं. सळई कापून पुढे गेलात तर आठ इंचांच्या भोकासाठी घराची कंबर कापलीत. भोक भिंतीच्या कोपऱ्यापासूनही दीड-दोन फूट तरी लांब असावं. भूकंपात सर्वाधिक ताण कोपऱ्यांवर येतो.

घर जुनं, दगड-मातीचं असेल तर मी नवं भोक पाडूच नका म्हणेन. दोन तोंडांच्या भिंतीत मधे मातीचा आणि बारीक दगडांचा भराव असतो. एक दगड काढला की भराव ओघळतो, आणि गवंडी कितीही हुशार असला तरी आतली पोकळी त्याला बाहेरून दिसत नाही. अशा घरात आहे त्या झरोक्याचा किंवा खिडकीचा उपयोग करावा. ॲल्युमिनियमच्या खिडकीत वरची एक काच काढून तिथे गोल कापलेली ॲक्रिलिकची किंवा पीव्हीसीची शीट बसवायची आणि पंखा तिच्यावर. साधा प्लायवूड घालू नका, दोन पावसाळ्यांत त्याचे पदर सुटतात. भोकाचा नेमका व्यास पंख्याच्या खोक्यात मिळणाऱ्या कागदी साच्यावरून घ्यावा. सहा इंची पंख्याचं भोक सहा इंचांचं नसतं, पात्यांभोवतीच्या चौकटीमुळे ते त्याहून मोठं लागतं. बाहेरच्या बाजूला भोकाला किंचित उतार द्या, म्हणजे वळवाचा तिरपा पाऊस आत येणार नाही.

इथून विजेचं काम. पहिलाच निर्णय वीज कुठून घ्यायची. बाथरूमच्या दाराबाहेर बहुधा एक बोर्ड असतो. त्यावर बल्बचा स्विच असतो आणि गिझरचा १६ अँपिअरचा मोठा स्विच. जवळ पडतो म्हणून गिझरच्या लाइनवरून पंखा घेण्याचा मोह होतो. तो टाळा. त्यामागचं कारण समजलं की वायरिंगचं निम्मं शास्त्र कळतं. एमसीबी पंख्याला वाचवायला बसवलेला नसतो, तो वायरीला वाचवायला असतो. गिझरच्या लाइनवर जाड वायर असते आणि तिच्या मापाचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी. तिथून पंख्यासाठी १ चौरस मिलिमीटरची बारीक वायर काढली आणि पुढे कुठे तिच्यावर जास्त प्रवाह वाहू लागला, तर ती वायर तापून वितळली तरी २० अँपिअरच्या एमसीबीला काही जास्त झाल्यासारखं वाटणार नाही. लाइटच्या लाइनवर ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो, तो त्या वायरीला साजेसा. तीस वॅटचा पंखा २३० व्होल्टवर दीड-दोन दशांश अँपिअरच घेतो, त्यामुळे लाइटच्या लाइनला तो जड नाही. पंखा लाइटवरच घ्या.

वायरी तीन रंगांच्या: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. बोर्डात बल्बच्या स्विचच्या एका टोकाला फेज आलेला असतो. तिथून लाल वायरचा छोटा तुकडा नव्या स्विचच्या टोकाला न्यायचा. नव्या स्विचच्या दुसऱ्या टोकातून जी वायर पंख्याकडे निघते तिला आपले वायरमन हाफ वायर म्हणतात. स्विच चालू असेल तेव्हाच तिच्यात फेज असतो. न्यूट्रल मात्र स्विचमधून जात नाही. ती बोर्डातल्या न्यूट्रलच्या जोडातून थेट पंख्याला. पंखा धातूच्या अंगाचा असेल तर हिरवी वायर त्याच्या चौकटीच्या स्क्रूला. प्लॅस्टिकच्या पंख्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंग जोडायची सोय त्यात नसते. तरीही पाइपमधून हिरवी वायर पंख्यापर्यंत नेऊन ठेवलेली बरी. पाच वर्षांनी पंखा बदलेल आणि येणारा कदाचित लोखंडी असेल.

वायर तांब्याची आणि आयएसआय खुणेची घ्या. १ चौरस मिलिमीटर विजेच्या हिशेबाने पुरते, मी दीडची सांगतो, कारण ओढाताणीत ती टिकते. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर सापडली तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. या दोन धातूंचा जोड ओलीत आतून कुजतो, तापतो आणि एक दिवस काळा पडून सुटतो. तिथे कनेक्टर वापरा.

स्विच बाथरूमच्या बाहेरच. यात तडजोड नको. ओल्या हाताचं बोट स्विचच्या फटीजवळ जाऊ नये, एवढा साधा उद्देश. पंख्याजवळ आत सॉकेट बसवून पिन खुपसण्यापेक्षा पंख्याची वायर झाकणाच्या छोट्या डबीत कनेक्टरने जोडलेली बरी. ही डबी शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब आणि छताजवळ असावी.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मी फार कमी ठिकाणी नीट केलेली बघतो. पंख्यावर वाफ गार होते आणि थेंब वायरीवरून घसरत जातात. वायर वरून खाली येत डबीत शिरत असेल तर थेंबही तिच्यासोबत डबीत शिरतो आणि सरळ कनेक्टरवर जाऊन बसतो. म्हणून वायर आधी डबीच्या खाली झुकू द्यायची आणि मग खालच्या भोकातून वर आत घ्यायची. थेंब त्या झुकलेल्या जागी गळून पडतो. डबीच्या वरच्या बाजूला भोक पाडायचंच नाही.

हात लावण्याआधी वीज बंद. लाइटचा एमसीबी पाडला म्हणजे वीज गेली, असं आपल्याकडे धरून चालत नाही, कारण घरोघरी इन्व्हर्टर आहे. बाथरूमचा बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर मेन पाडला तरी बोर्डात २३० व्होल्ट जिवंत असतात. उलट, मेन पाडला की इन्व्हर्टर लगेच जागा होतो. इन्व्हर्टर वेगळा बंद करा, त्याची बाहेर जाणारी लाइनही सोडवा. मग टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो जळतो याची खात्री करा, मग बंद केलेल्या बोर्डातल्या प्रत्येक वायरीला लावा, काळ्यासुद्धा. काळ्याला का, तर वायरीचा रंग म्हणजे शपथपत्र नव्हे. कुणीतरी कधीतरी लाल संपली म्हणून काळी फेजला वापरलेली असते. खांबावरून सर्व्हिस वायर पुन्हा जोडताना फेज आणि न्यूट्रल उलट झाले असतील तर घरातल्या सगळ्याच वायरींचे अर्थ बदललेले असतात. शेवटी टेस्टर पुन्हा एकदा चालू पॉइंटवर लावून तो मधेच बिघडला नाही ना, हे बघा. टेस्टरपेक्षा दोन वायरींचा टेस्ट लॅम्प जास्त भरवशाचा.

जोड करताना वायरीचं साल ८ ते १० मिलिमीटरच सोलायचं. सोलताना आतली एकही तार कापली जाऊ नये. साल काढल्यावर तारा एकत्र पिळायच्या, कनेक्टरच्या भोकात सगळ्या घालायच्या, एकही बाहेर फाटा फुटलेली नको. स्क्रू आवळला की वायरीला हलका हिसका देऊन बघायचा. निसटली तर जोड झाला नव्हता. जोडाबाहेर तांबं दिसत असेल तर साल जास्त सोललं गेलं, परत करा. नुसत्या टेपवर ठेवलेला जोड बाथरूममध्ये चालत नाही, कारण टेपचा चिकटपणा वाफेत सुटतो.

सगळं बसल्यावर करायची एक तपासणी प्रत्येक घरमालकाने समोर उभं राहून करून घ्यावी. वीज चालू करा, पण पंख्याचा स्विच बंद ठेवा. डबीचं झाकण उघडून पंख्याच्या दोन्ही वायरींना टेस्टर लावा. दोन्हीकडे अंधार हवा. कुठल्याही वायरीला लखलखीत लाल दिवा लागला तर स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय. असा पंखा थांबतो, पण त्याच्या आत वीज उभी असते. मग ‘बंद आहे’ म्हणून कुणी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने तो पुसतो.

न्यूट्रलशी आणखी एक गोष्ट निगडित आहे. घरात आरसीसीबी असेल तर पंख्याची न्यूट्रल ज्या लाइनची फेज तिचीच हवी. आरसीसीबीचं काम मोजण्याचं: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? आला तर ठीक. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो कुठल्यातरी चुकीच्या वाटेने, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चाललाय असं समजून तो क्षणार्धात वीज तोडतो. आता पंख्याची फेज आरसीसीबीच्या आतल्या लाइनवरून घेतली आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून दुसऱ्याच लाइनवरून उचलली, तर गेलेला प्रवाह त्या वाटेने परतच येत नाही आणि स्विच दाबताक्षणी सगळं घर अंधारात. इतक्या छोट्या पंख्यानेही हे होतं, कारण त्याचे दीडशे मिलिअँपिअर ३०च्या कितीतरी वर आहेत. लोक मग आरसीसीबी खराब आहे म्हणून काढून टाकतात. तो बरोबर सांगत असतो, जोडणी चुकलेली असते. स्विच दाबला की लगेच उडत असेल तर न्यूट्रल तपासा. आंघोळीनंतर मधूनच उडत असेल तर डबीत ओल गेली आहे, हे समजा.

घरात आरसीसीबी नसेल तर पंखा लांबणीवर टाका पण आधी आरसीसीबी बसवा, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं. एमसीबी माणसाला वाचवत नाही. माणसाच्या जिवावर बेतणारा प्रवाह इतका कमी असतो की ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि आपल्याकडे नुसत्या अर्थिंगवर विसंबता येत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ओली असेल तर वीज जमिनीत सहज उतरते. मार्च ते जून या भागातला मुरूम आणि काळी माती भेगाळेपर्यंत सुकते, आणि नेमका तेव्हाच अर्थिंगचा विरोध वाढतो. जिथे पिण्याचं पाणी मोजून वापरतात तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार? तरी आठवड्याला एक बादली, भांडी विसळलेल्या पाण्याची का होईना, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात जाऊ द्या. जुन्या घरांत हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली दिसते. पाइप बदलून प्लॅस्टिकचे झाले असतील तर ती वायर आता कशालाच जोडलेली नाही. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघा.

हे सगळं आपण स्वतः करायचं की वायरमनकडून? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयीचे विनियम २०२३मध्ये नव्याने आले. त्याआधीच्या नियमांप्रमाणे त्यांतही साधारण अशीच रेषा आखलेली आहे: मूळ जोडणीत फरक न करता पंखा, बल्ब, स्विच, फ्यूज बदलणं एवढं घरच्याने केलं तर हरकत नाही. नवा पॉइंट काढणं, लाइन वाढवणं, दुरुस्ती करणं हे परवानाधारक ठेकेदाराचं आणि त्याच्या परवानाधारक माणसांचं काम. म्हणजे जळालेला पंखा काढून तसाच नवा लावणं आपलं. पंखा नव्हता तिथे नवी वायर ओढणं वायरमनचं. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन परवाना घेतलेले तरुण तालुक्याच्या गावी मिळतात. वर सांगितलेलं सगळं त्याच्या शेजारी उभं राहून विचारायला उपयोगी पडेल. चांगल्या वायरमनला असे प्रश्न आवडतात.

गॅस गिझरबद्दल मात्र हात जोडून सांगणं आहे. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून गॅस गिझर आत चालेल, असं कुणीही सांगितलं तरी मानू नका. बंद खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि दार आतून बंद असतं. थंडीत अशा बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. दार घट्ट आणि पंखा जोरात असेल तर पंखा हवेची ओढ उलटवून गिझरच्या धुराड्यातला धूरही खोलीत खेचू शकतो. गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. पाण्याचा पाइप तेवढा आत. पाणी तापवायच्या बंबालाही हेच लागू.

पंखा चालू झाला की तो खरंच ओढतोय का ते बघा. दार लावून घ्या, बाहेर उंबऱ्यापाशी पेटती उदबत्ती धरा. धूर दाराखालून झपकन आत गेला पाहिजे. सरळ वर चढत राहिला तर फट कमी आहे. धूर उलट तुमच्याकडे आला तर पंखा हवा आत फेकतोय, म्हणजे तो उलटा बसलाय किंवा बाहेरून कपॅसिटर जोडायच्या पंख्यात त्याच्या वायरी उलट लागल्यात. बाहेर जाऊन झडपा पूर्ण उघडतात का तेही बघा. गिट्टी ठोकून स्क्रू जरा जास्त आवळला तर प्लॅस्टिकची चौकट वाकते आणि झडपा अडकतात.

पंखा बल्बच्याच स्विचवर घेऊ नका. आंघोळ संपली की आपण बल्ब बंद करतो, आणि पंख्याची खरी गरज तिथून सुरू होते. भिंती, फरशी, टॉवेल यांतलं पाणी पुढची पंधरा-वीस मिनिटं हवेत येत राहतं. पंख्याला वेगळा स्विच असावा, किंवा परवडत असेल तर ठराविक वेळाने आपोआप बंद होणारा टायमर स्विच. बिलाची काळजी नको: तीस वॅटचा पंखा रोज तासभर चालला तर महिन्याला एक युनिटही होत नाही. बॅरलवर झाकण ठेवलं तर पंख्याचं काम आणखी कमी होतं आणि डासही.

उन्हाळ्यात भार वाढून व्होल्टेज पडतं, तेव्हा पंखा हळू झाला तर दचकू नका. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३०चे १८० झाले की जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटर गुणगुणते, तेही त्या इन्व्हर्टरच्या विजेमुळेच. पण पंखा नुसताच हुंकारत असेल आणि पाती फिरत नसतील तर तो ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर वेगाने तापते. मग एमसीबी पाडून, इन्व्हर्टर बंद करून पातं हाताने फिरवून बघा. सहज फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलाय, तो स्वस्तात बदलून मिळतो. जड फिरत असेल तर धूळ आणि बेअरिंग. न्हाणीतली वाफ पात्यांवर धुळीला चिकटवून ठेवते आणि दोन-तीन महिन्यांत तिचा राखाडी थर होतो. एका पात्यावर तो जास्त बसला की पंखा थरथरायला लागतो आणि बेअरिंग लवकर झिजतं. पाती काढून साबणाच्या पाण्याने धुवा, मोटर कोरड्या ब्रशने झटका, तिच्यावर पाणी मारू नका. मार्च-एप्रिलमध्ये सफाई करताना बाहेरून झडपांमागे चिमणीने काड्या तर आणल्या नाहीत ना, तेही बघा. आणल्या असतील तर पिल्लं उडेपर्यंत पंखा बंद ठेवा आणि मग बाहेरून अर्ध्या इंचाची जाळी लावून घ्या.